एकेचाळीस फळ्यांची भट्टी

१

“बा अय्याद, तुम्ही भट्टीत रंगवलेली दारं जाळता, हे खरं आहे का?”

प्रश्न तोंडातून सुटला आणि शामाला वाटलं, आता ते लांब दांड्याचं लाकडी फावडं आपल्या पाठीत बसणार. गल्लीच्या कोपऱ्यावर विआम आणि इब्तिहाल एकमेकींना चिमटे काढत उभ्या होत्या. डिवचलं त्यांनीच होतं. “अख्खी दर्ब सक्का गल्ली या म्हाताऱ्याबद्दल बोलते, पण त्याच्या तोंडावर विचारायची कुणाची छाती नाही. तुझी तर नाहीच नाही!”

एक महिन्यापूर्वी हे शंभर टक्के खरं होतं. तेव्हा शामा वर्गात हजेरीसुद्धा कुजबुजत द्यायची. मग शाळेच्या वादविवादात बाईंनी तिला जबरदस्तीने उभं केलं आणि तिचा आवाज जो सुटला, तो काही परत आत जायला तयार नव्हता. तिची आई, यम्मा, म्हणायची, हिला बोलायला लागून पंधरा वर्षं झाली, पण आम्हाला ऐकू मात्र आत्ता यायला लागलं.

बा अय्यादने फावडं भिंतीला टेकवलं. राखेने पांढऱ्या झालेल्या भुवया वर केल्या.

“कोण म्हणालं?”

“सगळेच.”

“सगळेच हे कुणाचं नाव, पोरी? कुणाची मुलगी, कुठल्या घरात राहते?”

तो चिडला असता तर बरं झालं असतं, पण हा माणूस खरंच विचारत होता.

“ये आत,” तो म्हणाला. भट्टीमागच्या अंधाऱ्या खोलीत त्याने तिला जळण दाखवलं. ऑलिव्हच्या बियांचा ढीग, सुताराकडचा देवदाराचा भुसा, फळबागेतल्या छाटलेल्या फांद्या. रंगाचा एक टवकाही नाही. “तीन दिवस झाले. बघायला आलेली तू पहिली.”

शामाने मागे वळून पाहिलं. भिंतीलगतच्या कट्ट्यावर एरवी सकाळी पाय ठेवायला जागा नसायची. घराघरांतून कणकेच्या गोळ्यांच्या फळ्या यायच्या आणि दुपारी खरपूस पाव होऊन परत जायच्या. फळ्या घेऊन येणाऱ्या बायापोरींबरोबर बातम्याही यायच्या आणि भाजून निघायच्या. आज कट्ट्यावर तीन फळ्या होत्या.

“रविवारपर्यंत एकेचाळीस होत्या,” तो म्हणाला. “सोमवारी तीन. मंगळवारी तीन. आज तीन. तीन फळ्यांवर भट्टी तापत नाही, पोरी. आणि ही एकदा पूर्ण थंड झाली ना, की घुमटाला तडे जातात. शनिवारी दुपारी किल्ली पुतण्याला देणार. मुन्सिफला इथे पाहुण्यांसाठी खोल्या काढायच्यात.”

तो हे पावाचा भाव सांगावा तसं शांतपणे म्हणाला. चालायला लागल्यापासून शामा या भट्टीत घरची फळी आणत होती; सोमवारपासून यम्माने तीही थांबवली होती. ती फळी म्हणजे एक वैतागच होता. मधोमध तडकलेली, खालीवर पट्टी ठोकून सांधलेली. कापड अंथरलं तरी वरची पट्टी कणकेला टोचायची आणि खालची शामाच्या डोक्याला.

“शनिवारपर्यंत थांबा,” ती म्हणाली. “कोण म्हणालं, ते मी शोधून काढते.”

“आणि काढलंस तर?”

शामा छाती काढून बाहेर आली. विआमने विचारलं, “काय म्हणाला?”

“म्हणाला, सगळेच हे कुणाचं नाव. वही काढ.”

२

संशयित नंबर एक होता मुन्सिफ. त्याच्यासारखा संशयित सांगून मिळाला नसता. केसांना तेल, हातात घराचे नकाशे, आणि काकाची भट्टी बंद पडली तर फायदा याचाच. चहाच्या दुकानाबाहेर पुदिन्याचा ग्लास घेऊन तो बसला होता. तिघी जणी समोर जाऊन उभ्या राहिल्या.

“अफवा तुम्ही पसरवलीत का?” शामाने सरळ विचारलं.

मुन्सिफला ठसका लागला. “ए लाल्ला पोलीसबाई! जरा हळू. मी कशाला पसरवू?”

“काकांनी किल्ली द्यावी म्हणून.”

“अगं, डोकं चालव! मला तिथे पाहुणे झोपवायचेत. विषारी धुराची जागा म्हणून ती गाजली, तर कोण येऊन झोपणार? कालच एक घेणारा पळाला. ज्याने हे केलं तो सापडला, तर त्याचा कान मी आधी पिळणार.”

राग खोटा नव्हता. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हिशोब बरोबर होता. शामाने वहीत त्याच्या नावावर काट मारली, जरा नाइलाजानेच.

संशयित नंबर दोन होता मोठ्या रस्त्यावरच्या विजेच्या भट्टीचा मालक, सी फदील. अडतीस घरांची गिऱ्हाइकं आता त्याच्या दारात. पण तोच दुकानाबाहेर कपाळाला हात लावून उभा होता. “सोमवारी सकाळी नऊला पाव संपला! बायका भांडून गेल्या. मंगळवारी पीठ संपलं, यंत्र गरम होऊन बसलं. मला आधी कळलं असतं, तर दुप्पट नसतं मळलं?”

दुसरी काट.

“झालं,” इब्तिहाल म्हणाली. “आता उरली फक्त गल्ली. म्हणजे सगळेच. बा अय्याद बरोबर बोलला.”

शामा मात्र पायरीवर बसून वहीकडे टक लावून बघत होती. “आपण उलटं बघतोय. ज्यांनी फळ्या बंद केल्या ते अडतीस आहेत. ज्यांनी बंद नाही केल्या ते तीनच. तिघांना विचारणं सोपं की अडतिसांना?”

“तिघांना,” विआम म्हणाली. “पण त्यांनी ऐकलंच नसणार.”

गंमत अशी की तिघांनीही ऐकलं होतं.

लाल्ला घालिया गुडघ्यांपायी दोन वर्षं घराबाहेर पडली नव्हती. हमामातली सार्वजनिक आंघोळ नाही, गच्ची नाही. पण मुलाने दिलेला मोठ्ठा फोन तिच्या उशाशी असायचा. गल्लीच्या ग्रुपवर रविवारी संध्याकाळी आलेला फोटो तिने पाहिला होता. “हो पाहिला की. पावाला काहीतरी हिरवं. फोटोत काय, मीही सुनेला गोरी दिसते.”

मास्तर सी बकालीही फक्त ग्रुपवरच होते. “ऐकीव गोष्टीला दुसरा साक्षीदार नको का?” एवढं म्हणून त्यांनी चष्मा पुसला.

तिसरी शिवणकाम करणारी रहिमो. ग्रुपवर कुणाशी तरी वाजल्यामुळे ती मागच्या रमजानमध्येच बाहेर पडली होती. तिने ऐकलं ते हमाममध्ये, रविवारी दुपारी. “ताहरा पाठ घासता घासता म्हणाली. ताहरा काय, परवा म्हणत होती समुद्राचं पाणी गोड होणार.”

शामा उठून उभी राहिली. तिला तोच झटका आला होता, जो वादविवादात आला होता, समोरच्याच्या बोलण्यातला कच्चा दुवा हाताला लागल्यावर.

“तिघांनीही एकाच बाजूने ऐकलं! दोघांनी फक्त फोनवर, एकीने फक्त हमाममध्ये. आणि एकीकडूनच ऐकलं म्हणून हसण्यावारी नेलं. बाकीच्यांनी दुपारी हमाममध्ये ऐकलं, संध्याकाळी फोनवर फोटो बघितला, आणि म्हणाले, अरे, दोन्हीकडून तेच येतंय म्हणजे खरं असणार!”

“मग?” विआमने डोळे बारीक केले. “म्हणजे खोटं बोलणारे दोन?”

“किंवा एकच,” शामा म्हणाली, “आणि दारं दोन.”

३

गुरुवारी शामा हमाममध्ये गेली. ताहराच्या हाताखाली पाठ सोलवटून घेतल्याशिवाय ताहराचं तोंड उघडत नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

“आई गं! लाल्ला ताहरा, कातडं ठेवा थोडं!”

“मळ आहे तो. कातडं याच्या खाली आहे.” ताहराने तांब्याभर गरम पाणी ओतलं. “विचार, काय विचारायचंय ते. तुझ्या खांद्यांवरूनच कळतंय.”

“भट्टीचं तुम्हाला कुणी सांगितलं?”

हात थांबला. “वाफेत ऐकलेलं नाव मी बाहेर काढत नाही. तीस वर्षांत नाही काढलं.”

“बा अय्यादची भट्टी परवा बंद होणार आहे.”

तांब्या खाली टेकला. मग ताहरा तिच्या कानाशी वाकली. “नाव नाही सांगणार. पण एवढं ऐक. ती चहाडी नव्हती करत. तिच्याच घरी हिरवा पाव निघाला होता, बिचारी घाबरली होती. ती मला विचारत होती, ताहरा, हे रंगाच्या लाकडाने होत असेल का गं? मी म्हटलं, असेल.” तिने ओठ चावला. “पुढच्या पाठीला मी सांगितलं, आहे. तो ‘असेल’ कुठे गळून पडला, मलाही नाही कळलं.”

बाहेर विआम दारातच उभी होती, फोन छातीशी धरून.

“माझ्या आईनेच टाकला होता फोटो ग्रुपवर. तिला समुद्रापलीकडून कुणीतरी पाठवला. नाव नाही सांगत, म्हणते मैत्रिणीला कशाला गोवू. पण फोटो मी काढून आणलाय. बघ!”

गल्लीभर गाजलेला फोटो शामाने पहिल्यांदाच पाहिला. तिच्याकडे फोन नव्हता, आणि यम्मा आपला फोन कुणाला देत नसे. जाड गोल पाव, उपडा टाकलेला. पाठीला हिरवी रेघ, तिच्याभोवती कुणीतरी लाल वर्तुळ काढलेलं. कडा कापलेल्या, त्यामुळे ना ताट दिसत होतं ना टेबल.

“पालथा पाव,” इब्तिहाल वैतागली. “वरची खूण दिसली असती तर घर कळलं असतं.”

प्रत्येक घर आपल्या कणकेवर आपली खूण करायचं. कुणाची तीन बोटं, कुणाची चंद्रकोर, कुणाचे काट्याने पाडलेले टोचे. पण प्रत्येकाला ठाऊक फक्त आपली. सगळ्या एकेचाळीस खुणा ओळखणारा माणूस गल्लीत एकच होता.

शामा ओल्या केसांनिशी धावत सुटली.

“अगं खूण दिसत नाहीये त्यात!” विआम मागून ओरडली.

“पण त्याला दाखवलाय का कुणी? एकाने तरी?”

४

बा अय्यादकडे बटणांचा जुना फोन होता, तोही पुतण्याशी बोलण्यापुरता. ज्या फोटोने त्याचा कट्टा रिकामा केला, तो त्याने पाहिलाच नव्हता. अख्ख्या गल्लीने पाहिला. राहिला तेवढा एक माणूस, ज्याला तो वाचता आला असता.

त्याने विआमचा फोन लांब धरला, जवळ धरला, परत लांब धरला.

“वरची खूण नाहीये,” शामा दम खात म्हणाली.

“वरची खूण बायकांसाठी,” तो म्हणाला. “पाव झाला की नाही ते मी पाठ वाजवून बघतो. चाळीस वर्षं मी पाठीच बघतोय. हे बघ, खाली काय लागलंय? सातूचा कोंडा. इथे बाकीच्या घरी फळीवर रवा भुरभुरतात, नाहीतर मक्याचं पीठ. कोंड्याची घरं चार.” त्याने काळपट नख पडद्यावर ठेवलं. “आणि ही आडवी खाच. कणीक फुगताना फळीवर काही टोचलं, की पाठीला अशी खाच पडते.”

शामाचा हात आपोआप डोक्याकडे गेला. जिथे नेहमी टोचायचं, तिथे.

“सांधलेली फळी एकेचाळिसात एकच आहे,” बा अय्याद हळूच म्हणाला. “पोरी, हा पाव तुमच्या घरचा आहे.”

विआम आणि इब्तिहालने एकदमच पडद्यावर डोकी घातली.

“त्या दिवशी मी ही पाठ वाजवली असणार,” तो पुढे म्हणाला. “भट्टीच्या उजेडात हिरवं काय आणि काळं काय, मला वाटलं कोंडा जळला. दोष माझा असेल तर...”

“थांबा.” शामाने फोन घेतला. ती रेघ तिने नीट पाहिली. डाग नव्हता, शिंतोडा नव्हता. एका मापात वळलेली, बारीक चंद्रकोर. “धूर असा नसतो ना लागत? धुराने सगळी पाठ मळली असती. आणि बाकीच्या चाळीस घरांचे पाव त्याच आगीवर भाजले, त्यांतला एकही हिरवा झाला नाही. म्हणजे रंग भट्टीत नाही लागला. भट्टीत यायच्या आधीच लागला होता.”

बा अय्यादने तिच्याकडे असं पाहिलं, जसं तो चांगल्या फुगलेल्या कणकेकडे बघायचा.

तिने शाळेच्या शर्टाची बाही वर केली. कोपरावर सोमवारपासून एक हिरवा ठिपका होता, साबणाला दाद न देणारा. तो कुठे लागला, हे तिला पक्कं ठाऊक होतं. घरच्या दाराला. बाबांनी शनिवारी दार रंगवलं होतं आणि दोन दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला “हिरवा बघा हिरवा!” म्हणून अडवून दाखवलं होतं.

५

शुक्रवारी नमाजनंतर कुसकुसचं मोठं ताट मधोमध आलं. भोपळा, चणे, वर कांद्याची गोड चटणी. बाबांनी पहिला घास उचलला आणि शामा उठून स्वयंपाकघरात गेली. परत आली ती फळी काखेत आणि रंगाचा डबा हातात घेऊन.

“आता जेवताना रंगकाम?” बाबा हसले. “तुला आवडला ना तो हिरवा? मला माहीत होतं!”

शामाने फळीवरचं कापड ओढून काढलं. सांधलेल्या पट्टीला लागून हिरवी, वाळलेली चंद्रकोर. तिने डबा तिच्यावर ठेवला. बुडाची कड केसभरही इकडेतिकडे न होता बसली.

बाबांचा घास हातातच राहिला. “मी... शनिवारी... डबा जमिनीवर ठेवला तर तुझी यम्मा ओरडते, म्हणून...”

“म्हणून कणकेच्या फळीवर ठेवलात?” यम्मा ओरडलीच. मग तिचा आवाज एकदम खाली आला. “थांबा. म्हणजे त्या पावाला...”

“कापडातून झिरपलं,” शामा म्हणाली. “यम्मा, फोटो तू सफा मावशीला पाठवलास. स्पेनला, मालागाला. समुद्रापलीकडे आपलं दुसरं कोण आहे?”

“मी फक्त विचारलं गं! हे काय असेल म्हणून! ती म्हणाली, जुन्या रंगाचं लाकूड जाळत असतील. मग मी हमामात ताहराला विचारलं. आणि संध्याकाळी ग्रुपवर दुसऱ्या कुणाच्या तरी घरचा तसाच पाव...”

“दुसऱ्या कुणाचा नाही. तुझाच फोटो. मावशीने विआमच्या आईला पाठवला, कुणीतरी कडा कापल्या, लाल गोल काढला, आणि तो तुझ्याकडेच परत आला. तू दुपारी विचारलेला प्रश्न तुलाच संध्याकाळी उत्तर म्हणून मिळाला.”

यम्माने ओढणीने तोंड झाकलं. ती म्हणाली, “आता गल्लीला कळलं, तर मी हमामात तोंड कसं दाखवू? बायका काय म्हणतील? रकियाने म्हाताऱ्याची भट्टी घालवली.”

“नाव कशाला सांगायचं?” बाबा घाईने म्हणाले. “ग्रुपवर एक ओळ टाकू. भट्टी ठीक आहे, निर्धास्त पाव पाठवा. संपलं.”

“नाही संपणार.” शामा उभीच होती. “एकाच बाजूने आलेलं कुणी खरं मानत नाही, बाबा. तीन फळ्या अजून चालू आहेत त्या त्यामुळेच. आणि नाव नसलं, की ते पुन्हा ‘सगळेच’ होतं. सगळेच म्हणतात वाईट, सगळेच म्हणतात ठीक. लोक कशावर विश्वास ठेवतील? पूर्वी असं काही झालं, तर भट्टीवरच चार जणी भेटायच्या, जळण बघायच्या, विषय मिटायचा. आता तिथेच कुणी जात नाही.”

“शामा, बाई माझी, थोडा वेळ तरी दे मला...”

“बा अय्याद उद्या दुपारी किल्ली देणार आहे, यम्मा.”

यम्माने तिच्याकडे पाहिलं. ही तीच मुलगी होती, जिला दुकानात मीठ मागायलासुद्धा लाज वाटायची. आता शामाचा आवाज कापतही नव्हता.

“मी ठरवलंय,” ती म्हणाली. “उद्या उजाडलं की कपडे वाळत घालायला सगळ्या गच्चीवर येतात, तेव्हा मी आपल्या गच्चीवरून सांगणार. मग हमामात ताहराला, जी पहिली पाठ तिच्या हाताखाली असेल तिच्यासमोर. त्याच वेळी विआम ग्रुपवर फोटो टाकेल, फळीचा आणि डब्याचा, कडा न कापता. तिन्हीकडे एकच गोष्ट आणि तिन्हीकडे नाव. ते माझं असेल, कारण त्या दिवशी फळी मीच नेली होती. तुमची नावं तुमची तुम्ही घाला, नाहीतर घालू नका. मग मी ही फळी कापडाशिवाय, हिरवी बाजू बाहेर करून, गल्लीच्या मधून भट्टीवर नेणार, आणि दुसऱ्या हातात आपल्या घरच्या सहा पावांची परात. भाजून झाले की तिथेच कट्ट्यावर बसून, सगळ्यांसमोर खाणार.”

शामाने बाही सारली, स्वयंपाकघरातून परात आणि पिठाचा डबा आणला आणि आयुष्यात पहिल्यांदा परातीत पीठ ओतलं, निम्मं परातीत, निम्मं जमिनीवर.

“मळायचं मला येत नाही,” ती म्हणाली, “पण मी मळणार आहे. यम्मा, पाणी आधी की मीठ आधी?”